माशांचा गुरुवार

श्रीनिवास धारूरकरांना कॅन्सर आहे, ही बातमी त्यांना डॉक्टरांनी दिली नाही, बायकोनं दिली नाही आणि पुण्यात राहणाऱ्या मुलानंही दिली नाही. ती दिली एका रोहू माशानं. मासा तीन-साडेतीन किलोचा होता, नाथसागराच्या काठावर खडकावर आडवा पडून कल्ले हलवत होता आणि बातमी त्याच्या घशात होती. ऐकणाऱ्याला ही लोणकढी थाप वाटेल. पण धारूरकर मोजणी खात्यातले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा बांध वीतभरसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, ते स्वतःबद्दल कशाला वाढवून सांगतील.

मुळात हा माणूस मासे धरायला गेलाच कसा, तिथूनच सुरुवात करावी लागेल. समर्थनगरातलं धारूरकरांचं घर असं, की चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर थांबतात. ऑम्लेटच्या गाडीवरून जाताना हे गृहस्थ अजूनही श्वास रोखून धरतात. मासा त्यांनी जन्मात चाखलेला नाही आणि चाखणारही नाहीत. पण पाण्यात बुडालेल्या दोरीला पलीकडून कुणीतरी ओढ दिली की त्यांच्या छातीत जे काही होतं, ते लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. हे ते स्वतःशी कबूल करतात. अनसूयाबाईंशी कधी केलं नाही.

हे व्यसन लावलं सरदार पठाणनं. सरदार त्याच खात्यात मोजणीची साखळी धरायला होता. तीस वर्षं साखळीचं एक टोक धारूरकरांच्या हातात आणि दुसरं सरदारच्या. मधे कधी काटेरी कुंपण, कधी विंचू, कधी कुऱ्हाडी घेऊन उभे असलेले सख्खे भाऊ. अशा नोकरीत माणसं एकमेकांना चांगली ओळखायला लागतात. निवृत्तीनंतर सरदारनं त्यांना सहज म्हणून पैठणच्या धरणावर नेलं आणि हातात गळाची काठी दिली.

"धरा भाऊसाहेब," तो म्हणाला. "साखळीच हाय असं समजा. दुसऱ्या टोकाला मी नाय, येवढंच."

त्याला आता पाच वर्षं झाली. मासे सरदारच्या घरी जातात आणि रईसाभाभी त्यांचं कालवण करतात. धारूरकर क्रांती चौकात सरदारच्या स्कूटरवरून उतरतात, एक लिंबू विकत घेतात, ते हातांना चोळ चोळ चोळतात आणि मगच घराच्या गल्लीत शिरतात. घरी सांगायचं ते ठरलेलं होतं, ग्रंथालयात गेलो होतो. अनसूयाबाई एकदा म्हणाल्याही होत्या, की तुमच्या ग्रंथालयात सरबत फार पितात वाटतं.

धारूरकरांना पोहता येत नाही, त्यामुळे नावेत ते पाऊल ठेवत नाहीत. जे करायचं ते काठावरून. आता नाथसागर म्हणजे काही गावचं तळं नव्हे. कित्येक ठिकाणी पलीकडचा काठ दिसत नाही, आणि एवढ्या पाण्यात मासा नेमका कुठं आहे हे नाववाल्यांनाही जाळं ओढल्याशिवाय कळत नाही. पण धारूरकरांकडे एक गोष्ट होती जी नाववाल्यांकडे नव्हती. पाणी यायच्या आधीच्या गावांचे नकाशे त्यांनी नोकरीत शंभरदा उलगडले होते, शंभरदा गुंडाळले होते.

"पाण्याखाली शेवटी जमीनच आहे," ते सरदारला समजावत. "मासा पाण्यात राहतो, पण वागतो जमिनीप्रमाणं. जुना ओहळ असेल तर त्याच्यातूनच वर येणार. गाडीवाट असेल तर तिच्या कडेनं फिरणार. विहीर असेल तर तिच्या काठाशी दडणार. आपण एवढंच बघायचं, की यातलं काय आपल्या काठाजवळून जातं."

हे सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरलेलं होतं. पानोपानी काठाची वेडीवाकडी रेघ, खुणेचं बाभळीचं खोड, ठिपक्याठिपक्यांनी दाखवलेला बुडालेला ओहळ, वारा कुठून, खोली किती, कोणत्या वारी काय लागलं. पहिल्या पानावर जाड अक्षरात लिहिलेलं होतं, 'या जागा कोणालाही सांगू नयेत.' ही वही घरी नेण्याची धारूरकरांची छाती नव्हती. ती सरदारच्या स्कूटरच्या डिकीत राहायची.

वहीतली पहिल्या नंबरची जागा म्हणजे चिंचोहळचा खडक. जुनं चिंचोहळ धरणात गेलं आणि नवं वर काठावर वसलं. तिथल्या मारुतीच्या देवळापुढून पायऱ्या पाण्यात उतरतात. पायऱ्या संपल्या की काठ एक वळण घेतो, आणि वळणाच्या पलीकडे, देवळावरून दिसणार नाही असा, तो काळा खडक आहे. नकाशाप्रमाणं जुना ओहळ या खडकाच्या पोटाखालून जायचा. म्हणजे मासा इथं असायलाच हवा. पण हा खडक मंगळवारी हात हलवत परत पाठवायचा, शनिवारी हात हलवत परत पाठवायचा, आणि गुरुवारी मात्र गळाला आमिष लावायची उसंत द्यायचा नाही.

"माशाला वार कसा कळतो?" धारूरकर वैतागून विचारत.

"जुमेरात हाय ना," सरदार म्हणायचा. "पिराचा दिवस. तुमच्या दत्ताचा पण."

असलं उत्तर मोजणी खात्यात चालत नाही. आणि गंमत म्हणजे पूर्वी गुरुवारचं असं काही नव्हतं. हे सुरू झालं ते धारूरकरांच्या ऑपरेशननंतर.

मार्गशीर्षात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. मुलगा सुयश पुण्याहून आला, पंधरा दिवस राहिला, डॉक्टरांशी तोच बोलला, तपासणीचा रिपोर्टही त्यानंच आणला. "साधी गाठ होती बाबा. वयाप्रमाणं होतं म्हणे असं," तो म्हणाला. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं होतं, तेही नुसतं ताकदीचं. धारूरकरांनी दोन इंजेक्शनं घेतली. ताकद काही वाढली नाही, उलट घाम फार येऊ लागला, पण माणसानं वयाशी किती हुज्जत घालावी. माघापासून ते पुन्हा काठावर जाऊ लागले. एकच फरक पडला. पूर्वी ते कधीमधी एकटेच एसटीनं जायचे. आता सरदार त्यांना एकटं सोडेना. त्याचा डावा गुडघा स्कूटरवरून उतरताना कुरकुरायचा, तरी तो हजर.

गुरुवार घरच्या दृष्टीनंही सोयीचा निघाला. मार्गशीर्षापासूनच अनसूयाबाईंनी दर गुरुवारी सिडकोतल्या मैत्रिणीकडे, सुलेखाकडे, पारायणाला जायचं धरलं होतं. सकाळी साडेसहाला घर सोडायच्या, दुपारी साडेबाराला परत. धारूरकरांना वाटलं, देव आपल्या पाठीशी आहे. घरात एकाच गोष्टीचा हिशेब लागत नव्हता, तो पिठाचा. धारूरकर गळाला गांडूळ लावत नसत, एक जीव धरायला दुसरा कशाला मारायचा म्हणून. ते घरच्या कणकेत हिंग घालून गोळ्या करायचे, आणि त्यासाठी डब्यातून चार मुठी पीठ गुपचूप काढायचे. पीठ मात्र त्याच्या दुपटीनं कमी व्हायचं. बिचाऱ्या भांडीवाल्या भामाबाईवर त्यांनी मनातल्या मनात आळ घेऊन टाकला.

तो गुरुवार वैशाखातला. ऊन टाळायचं म्हणून दोघं नेहमीपेक्षा दीड तास लवकर निघाले आणि साडेआठला खडकावर पोचले. धारूरकरांनी गळ टाकला, बुचाचा तुकडा पाण्यावर नीट उभासुद्धा राहिला नव्हता, तोच खाली गेला. रोहू आला. पाठोपाठ दुसरा. मग तिसरा. पाण्याखाली जेवणावळ बसल्याप्रमाणं मासे त्या कोपऱ्यात लोटत होते.

सरदार पहिल्या रोहूच्या जबड्यातून गळ काढत होता. मासा उचकला आणि त्याच्या घशातून एक पांढरट गोळी खडकावर पडली. सरदारनं ती बोटांत धरून नाकाशी नेली.

"ही आपली गोळी नाय भाऊसाहेब. हिंगच नाय ह्याच्यात."

त्यानं ती फोडली. आत कागदाची घडी होती, अंगठ्याच्या नखाएवढी. उलगडली तर लाल बॉलपेननं लिहिलेलं होतं, 'राम'.

"मन्नतीचं हाय कुणाच्या तरी," सरदार म्हणाला. "आमच्यात बी करतात. दुवा लिवायची, पिठात घालायची आन् माशाला द्यायची. पाण्यात सोडून देऊ."

"थांब," धारूरकर म्हणाले.

त्यांना काही संशय आला होता असं नाही. ही नुसती खोड. कागद हाती आला की कारकुनी पेशाचा माणूस त्याची पाठ बघतोच. त्यांनी चिठ्ठी उलटली. मागे छापील इंग्रजी अक्षरं होती, कापताना अर्धीच उरलेली. 'निवास बी. धारू'.

जगात निवास नावाची पुष्कळ माणसं असतील. धारूरकर स्वतःशी हे वाक्य दोनदा म्हणाले. बी म्हणजे भालचंद्र, त्यांचे वडील, पण बी कशाचाही असू शकतो. त्यांनी चष्मा पुसला. मग ते सरदारला म्हणाले, "बाकीचे दोन काप."

"भाऊसाहेब, घरी रईसा कापंल ना."

"आत्ता काप."

सरदारनं दोन्ही मासे कापले. कापलेला मासा धारूरकरांनी पाच वर्षांत एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता, ते नेहमी तोंड फिरवायचे. आज ते गुडघ्यावर बसले आणि त्या घाणीत बोटं घालून चिठ्ठ्या वेचू लागले. पहिली धरून अकरा झाल्या. काही विरघळून गेलेल्या, काही धड. त्यांनी त्या पाण्यात हलवून स्वच्छ केल्या आणि खडकावर पालथ्या मांडल्या, राम खाली, छापील बाजू वर. फाटक्या नकाशाचे तुकडे जुळवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. रेघेला रेघ भिडवायची, अर्ध्या अक्षराला उरलेलं अर्धं शोधायचं. एका तुकड्यावर ६४ हा आकडा होता आणि पुढे पुरुष. एकावर 'प्रोस्टेट'. दोन तुकडे एकमेकांना असे चपखल बसले की मधली कात्रीची रेघही दिसेना. त्या दोघांवर मिळून एक लांबलचक शब्द होता, आणि त्याच्या शेवटी 'कार्सिनोमा'.

हा शब्द त्यांना माहीत होता. ऑफिसातल्या कडूबाच्या रजेच्या अर्जाला जोडलेल्या कागदावर तो होता, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी कडूबाच्या बायकोच्या पेन्शनची फाइल त्यांनीच तयार केली होती.

मोजणी पटली नाही तर पुन्हा करायची असते. त्यांनी तुकडे विस्कटले आणि पुन्हा लावले. तोच शब्द आला. तिसऱ्यांदा लावले. शब्द तोच होता, नाव तेच होतं, वय तेच होतं. समोर एवढं मोठं पाणी उन्हात चमकत होतं आणि धारूरकरांना कानात नुसती शिट्टी ऐकू येत होती. भीती वाटायला हवी होती, ती अजून आलीच नव्हती. त्याच्या आधी एक खुळचट विचार आला, की आपला रिपोर्ट माशाच्या पोटात गेलाच कसा.

मग त्यांच्या लक्षात आलं, की सरदार काहीच बोललेला नाही.

"सरदार," ते खाली बघतच म्हणाले, "तुला इंग्रजी वाचता येत नाही."

"नाय."

"मग तू मला विचारलं का नाहीस, यात काय लिहिलंय म्हणून?"

सरदार सुरी धूत होता. स्वच्छ झालेली सुरी तो धूतच राहिला.

"सुयशबाबाचा फोन आलता," तो शेवटी म्हणाला. "दवाखान्यातूनच. बोलला, चाचा, बाबांना सांगायचं नाय, ते खचून जातील. पण त्यांना कुठं एकटं नका जाऊ देऊ. मी जबान दिली भाऊसाहेब. काय करू मग?"

"त्याला माहीत होतं, आपण इथं येतो ते?"

"हौ. पहिल्यापासून. वहिनीला नाय माहीत."

म्हणजे पोराला माहीत, सरदारला माहीत, डॉक्टरला तर माहीतच, आणि ज्याच्या देहात हे घडतंय तो बांधावर उभा. धारूरकरांना संताप आला. इतका आला की सरदारच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्या सुरी धुणाऱ्या म्हाताऱ्या हातांकडे पाहून तो जिरलाही. त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या सुलट केल्या. अकरा वेळा राम. या 'र'ला खाली एक छोटी वळणदार आकडी काढलेली होती. छत्तीस वर्षं किराणाच्या यादीत रवा, राजगिरा आणि राई याच 'र'नं लिहून येत होती.

ते उठले आणि देवळाच्या बाजूला, वळणाकडे चालू लागले. सरदार गुडघा धरून मागे आला.

वळणावर बाभळीच्या आडून देवळाच्या पायऱ्या दिसतात. सगळ्यात खालच्या पायरीवर अनसूयाबाई बसल्या होत्या. हिरवी इरकल, डोक्यावर पदर, मांडीवर स्टीलचा डबा. हा तो डबा होता, ज्यातून धारूरकरांनी नोकरीभर पोळीभाजी नेली. डब्यातून एक गोळी काढायची, ओठ हलवायचे, गोळी पाण्यात सोडायची. पुन्हा एक काढायची. घाई नाही, थांबणं नाही. पाण्यात कुठल्या गोळीवर मासा आला आणि कुठल्या नाही, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. जरा वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुढची गोळी काढली.

"या अल्ला," सरदार पुटपुटला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

गुरुवारचं कोडं सुटलं होतं. एरवी ते दहाला पोचायचे, तोवर ही उठून गेलेली असायची आणि माशांच्या पोटात चिठ्ठ्यांचा लगदा झालेला असायचा. धारूरकर त्या बाभळीला टेकून उभे राहिले आणि मनात आकडे जुळवत गेले, कारण आकडे जुळवण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. माघापासून चौदा गुरुवार. आजचे तीन धरून एकतीस मासे. ही बाई एवढ्या लांब एसटीनं येऊन, आपला नवरा जगावा म्हणून, ज्या माशांच्या तोंडात राम घालत होती, ते मासे पायऱ्यांवर पोट भरून वळण ओलांडायचे, आणि वळणाच्या पलीकडे तो नवराच गळ टाकून बसलेला असायचा. एका पिठाच्या डब्यातल्या दोन गोळ्या. एकीत राम, दुसरीत लोखंड.

कॅन्सरनं त्यांना जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा याचा बसला. ते खाली बसले, आणि तीस वर्षांत सरदारनं जे कधी पाहिलं नव्हतं ते त्यानं पाहिलं, भाऊसाहेब तोंडावर उपरणं घेऊन रडत होते.

"जाता का त्यांच्याकडं?" सरदारनं विचारलं.

धारूरकरांनी स्वतःचे हात पाहिले. नखांपर्यंत माशांचं रक्त होतं. "या हातांनी नाही," ते म्हणाले.

खडकावर परत आले तेव्हा पहिला रोहू ओल्या पोत्यात अजून जिवंत होता. धारूरकरांनी तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला. थोडा वेळ तो कलंडलेलाच राहिला, मग शेपूट हलवून खाली गेला. तीस, त्यांनी मनात दुरुस्ती केली. सरदारनं काठ्या आवरल्या. निघताना धारूरकरांनी डिकीतून निळी वही काढून घेतली आणि क्रांती चौकात उतरल्यावर लिंबू घेतलं नाही.

साडेबाराला अनसूयाबाई आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "आज सुलेखाकडं आरतीला फार उशीर झाला बाई." मग थांबल्या. जेवणाच्या टेबलाशी धारूरकर बसले होते. समोर निळी वही, कात्री, लाल बॉलपेन.

"कसला वास येतोय हो?"

"माशांचा," धारूरकर म्हणाले. "माझ्या हातांना येतोय. बस जरा."

त्या बसल्या नाहीत.

"चिंचोहळच्या पायऱ्यांखाली गाळ साचलाय," धारूरकर टेबलाकडे बघत म्हणाले. रस्ताभर त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, तोंडातून निघालं ते हे. "तू वरून सोडतेस त्यातल्या निम्म्या गोळ्या चिखलात रुततात. माशांपर्यंत जात नाहीत."

अनसूयाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. आतला डबा वाजला. त्या भिंतीला धरून खुर्चीपर्यंत आल्या आणि बसल्या.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माशानं."

त्यांनी चिठ्ठ्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या. वाळून त्या आखडल्या होत्या. मग सगळं सांगितलं, खडक, गळ, ग्रंथालय, लिंबू. सांगताना वही त्यांच्यापुढे सरकवली. अनसूयाबाईंनी पानं उलटली. शेवटच्या पानांवर बोट ठेवून त्या एकेक ओळ वाचत गेल्या. गुरुवार, रोहू दोन. गुरुवार, रोहू एक, कटला एक. त्यांचं बोट प्रत्येक गुरुवारावर थांबत होतं.

"हे माझे मासे," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्या हातचं खाऊन आलेले."

"हो. तीस."

त्यांनी वही मिटली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज चढला नाही. "मी सहा महिने तुमच्यासमोर हसतेय," त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी आहे का म्हणून विचारतेय. रात्री तुमचा श्वास ऐकत जागी राहतेय. आणि तुम्ही तिकडं माझा नेम मोडत बसलात."

धारूरकरांनी चिठ्ठ्यांतली एक उचलली. त्यांनी दुसरंच विचारलं. "रिपोर्ट का कापलास?"

"सुयश म्हणाला, फोटो काढून घेतलेत, कागद घरात नको, तुमच्या हाती लागायचा. मला जाळवेना. जाळणं कसं दिसतं. कचऱ्यात टाकवेना. मग म्हटलं, एका बाजूला तुमचं दुखणं लिहिलंय ना, तर दुसऱ्या बाजूला राम लिहायचा आणि पाण्यात सोडायचं. दवाखान्याची फाइल जाडजूड होती, तुमच्या नावाचं पान कापायची पाळी आज आली. अकरा हजार गोळ्या बोलले होते. गुरुवारी पाचशे. आज साडेनऊ हजार झाल्या." त्यांनी डोळे पुसले. "आता त्या धरता येणार नाहीत. घालणारीही घरातली आणि मारणाराही घरातलाच, असला नेम कुठला देव मोजून घेईल?"

"मग पहिल्यापासून," धारूरकर म्हणाले.

"बावीस गुरुवार लागतात."

धारूरकरांनी समोरची कात्री बाजूला सरकवली. सकाळपासून जे विचारायचं होतं ते आता विचारणं भाग होतं. "तेवढे आहेत का माझ्याकडं?"

अनसूयाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ते इंजेक्शन चालू राहिलं तर पुष्कळ आहेत म्हणाले डॉक्टर. वर्षं आहेत म्हणाले."

"किती वर्षं?"

"मी विचारलं नाही. माझं धाडस झालं नाही."

"पुढच्या वेळी मी विचारतो," धारूरकर म्हणाले. "आणि पायऱ्यांवर बसू नकोस. मी जागा दाखवतो. जुनी गाडीवाट जिथं पाण्यात उतरते तिथं, काठापासून चार हातांवर मासा असतो, बारा महिने. एकही गोळी वाया जाणार नाही. तिथं दुसरं कुणी येत नाही."

"आणि तुमचा गळ?"

"सरदारकडं दिला. मोडून टाक म्हणालो. तो मोडणार नाही, पण मला परतही देणार नाही."

अनसूयाबाई उठल्या. धारूरकरांना वाटलं, आत निघून जातील. त्या स्वयंपाकघरात गेल्या, पिठाचा डबा घेऊन आल्या आणि तो टेबलावर ठेवला. डब्यात बघून म्हणाल्या, "आणि मी त्या भामाबाईला बोलणार होते."

धारूरकरांनी वहीचं पहिलं पान सुटं केलं आणि कात्रीनं कापायला सुरुवात केली, एका मापाच्या, सरळ पट्ट्या. पहिला तुकडा त्यांनी बायकोपुढे ठेवला. तिनं कोऱ्या बाजूला राम लिहिला, शाई वाळायला फुंकर घातली आणि मग चिठ्ठी उलटली. मागे नवऱ्याच्या जाड अक्षरात लिहिलेलं होतं, 'सांगू नयेत'.

तिनं ते वाचलं, चिठ्ठीची घडी केली आणि म्हणाली, "एक."